कावीळ हा आजार नाही, मग ती यादीत कुठं टाकायची?

वाचकांचे प्रश्न : आरोग्याचे शब्द आणि त्यांची मांडणी

मागच्या अंकात बायोमेडिकल ऑन्टॉलॉजीबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, म्हणजे आजार, लक्षणं, अवयव, जनुकं यांच्या संज्ञा नुसत्या गोळा करून चालत नाही, प्रत्येकीची व्याख्या आणि तिचं दुसरीशी असलेलं नातं असं लिहून ठेवायचं की माणसालाही कळेल आणि कॉम्प्युटरलाही. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच घेतेय. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय, कारण आपल्या विदर्भात त्यांचं काम रोज पडतं.

प्रश्न : ताई, मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्डला आहे. नवीन सॉफ्टवेअर येतंय आणि निदानाची मास्टर लिस्ट आम्हालाच भरून द्यायला सांगितलीय. जुन्या केसपेपरवर एकच गोष्ट कावीळ, जाँडिस, आयक्टेरस, पिलिया, डोळे पिवळे अशी वेगवेगळी लिहिलेली सापडते. मी सगळं एक्सेलमध्ये ए टू झेड लावलंय. आता डुप्लिकेट काढून टाकू का?

उत्तर : दादा, थांबा, एकही ओळ डिलीट करू नका. ए टू झेड शब्दांचं लागतं, आपल्याला अर्थ लावायचेत. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा हेच केलं होतं. मे महिना, रेकॉर्ड रूममध्ये कूलरची घरघर, समोर जाडजूड रजिस्टर, आणि एकाच पानावर एकाखाली एक तीन पेशंट. पहिल्यापुढं डॉक्टरांच्या अक्षरात ‘आयक्ट. प्लस प्लस’, दुसऱ्यापुढं ‘पिलिया ८ दिन से’ कारण तो छिंदवाड्याकडचा होता, तिसऱ्यापुढं नुसतं ‘कावीळ’. मी तिघांनाही कावीळ या एका ओळीत टाकलं आणि पान उलटलं. नंतर पॅथॉलॉजीचे रिपोर्ट जोडायला बसले तर पहिल्याच्या पित्तनळीत खडा अडकलेला, दुसऱ्याला हिपॅटायटिस ई, आणि तिसरी चौदा वर्षांची पोट्टी, तिला सिकलसेल, लिव्हरला विषाणू वगैरे काहीच नाही, लाल पेशी फुटत होत्या म्हणून डोळे पिवळे. शब्द एकच होता हे बरोबर, आजार मात्र तीन होते आणि माझ्या यादीत ते तिन्ही एकाच डब्यात गेले होते.

म्हणून पहिली गोष्ट, कावीळ हे दिसणारं लक्षण आहे, आजार नाही. आपल्याकडं बोलताना ‘त्याला कावीळ झाली’ म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, पण यादी करताना ‘काय दिसतंय’ आणि ‘कशामुळं होतंय’ हे दोन वेगळे रकाने लागतात. जगात लक्षणांसाठी ह्यूमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजी वापरतात, २००८ साली सुरू झाली, तिच्यात कावीळ एचपी:००००९५२ या नंबरावर आहे आणि ती शारीरिक दोषांच्या फांदीवर आहे. आजारांची यादी वेगळी, आणि ‘या आजारात हे लक्षण दिसतं’ असा दुवा दोघींमध्ये जोडलेला असतो. दुवा जोडायचा, दोन्ही गोष्टी एकात कालवायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट नंबरची. एका अर्थाला एक नंबर, आणि त्या नंबराखाली हवी तितकी नावं. कावीळ, जाँडिस, आयक्टेरस, पिलिया ही चारही नावं एका नंबराखाली ठेवा, त्यातलं एक ठळक, बाकीची समानार्थी म्हणून, म्हणजे डॉक्टरांनी काहीही टाइप केलं तरी सापडेल. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात २२२९८००६ हा नंबर मायोकार्डियल इन्फार्क्शनचा आहे आणि हार्ट अटॅक हे त्याच नंबराचं दुसरं नाव. तुमचा नंबर मात्र अर्थहीन ठेवा. ‘लिव्हर-०१’ असा नंबर दिलात की ती सिकलसेलची पोट्टी पुन्हा लिव्हरच्या खाली जाऊन बसली समजा, आणि उद्या संज्ञेची जागा हलवायची झाली तर नंबरही बदलावा लागेल.

आणि उलटंही बघा, एकच शब्द दोन अर्थांचा असतो. केसपेपरवर नुसतं ‘थंडी’ लिहिलंय, ती हुडहुडी भरून ताप आला ती थंडी की सर्दीपडशाची थंडी, हे शब्दावरून नाही कळणार, पेपर उघडून बघावंच लागेल. तिथं दोन नंबर लागतात.

तिसरी गोष्ट व्याख्या, आणि इथं मी हट्टी आहे. नाव लिहायच्या आधी व्याख्या लिहा. साचा सोपा आहे, ही कशाचा प्रकार आहे आणि त्या प्रकारातल्या इतरांपेक्षा हिचं वेगळेपण काय. आपल्याकडं न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, हे फार पूर्वीपासून शिकवतात, व्याख्येला ते ‘लक्षण’ म्हणतात (आजाराचं लक्षण नव्हे) आणि तिचे तीन दोष सांगतात. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असं म्हटलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहिल्या, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, तर म्हैसही आत आली, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एक खूर असलेली, तर अशी गाय कुठंच नाही, हा असंभव. खरी खूण कोणती तर गळ्याखाली लोंबणारी कातडी. आता हेच कावीळला लावून बघा. ‘लिव्हरच्या विषाणूमुळं डोळे पिवळे होणं’ लिहिलं तर पित्ताचा खडा, नवजात बाळाची कावीळ आणि सिकलसेल तिन्ही बाहेर, अव्याप्ती झाली. ‘कातडी पिवळी पडणं’ लिहिलं तर रोज भरपूर गाजरं खाऊन तळहात पिवळे झालेला माणूसही आत आला, त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असतो, ही अतिव्याप्ती. मग बसते ती व्याख्या अशी : रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढल्यामुळं त्वचा आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं. यात लिव्हरचं नाव नाही, विषाणूचं नाव नाही, म्हणून ती तिन्ही पेशंटना लागू पडते.

व्याख्या जमली का हे तपासायला माझी पद्धत अशी, दोन सिस्टरांना वेगवेगळं बसवायचं, तेच वीस केसपेपर द्यायचे, आणि व्याख्या वाचून कुठल्या नंबरात टाकाल विचारायचं. जिथं दोघींचं उत्तर वेगळं येतं तिथं सिस्टरांना बोल लावायचा नाही, ती व्याख्या पुन्हा लिहायची. ‘हिपॅटायटिस म्हणजे हिपॅटायटिसच्या विषाणूमुळं होणारा आजार’ अशा व्याख्या तिथंच उघड्या पडतात, गोल फिरून जागेवरच येतात, आणि दारूमुळं किंवा औषधामुळं झालेला हिपॅटायटिस बाहेरच राहतो.

आणि हो, सगळं स्वतः बनवू नका. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळं इथल्या हॉस्पिटलला ते वापरायला पैसे पडत नाहीत, लायसन्स पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राकडून घ्यायचं. तुमचं काम तुमच्या डॉक्टरांचे शब्द त्या नंबरांना नीट जोडायचं, तेवढंच भरपूर आहे.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.ला आहे, बायोइन्फॉर्मॅटिक्स. ‘इझ-अ’ आणि ‘पार्ट-ऑफ’ यांत माझा दरवेळी गोंधळ होतो. दोन्हीत एक वर एक खालीच तर असतं ना?

उत्तर : झाडाच्या चित्रात दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून गोंधळ होतो. संत्रं घे. नागपुरी संत्रं हा संत्र्याचा प्रकार, आणि फोड हा संत्र्याचा भाग. दोन्ही संत्र्याखाली लिहिता येतात, पण वाक्य करून मोठ्यानं म्हण : ‘प्रत्येक नागपुरी संत्रं हे संत्रं असतं’ बरोबर वाटतं, ‘प्रत्येक फोड हे संत्रं असतं’ कानाला लगेच खटकतं. पेशीचं केंद्रक हा पेशीचा भाग, चेतापेशी हा पेशीचा प्रकार. प्रकार असेल तर वरच्याचे सगळे गुण खाली उतरतात, भाग असेल तर उतरत नाहीत, आणि कॉम्प्युटर यावरूनच निष्कर्ष काढतो, त्याला तुझं चित्र दिसत नाही.

एक खरा किस्सा सांगते, तो मला फार आवडतो. जीन ऑन्टॉलॉजी १९९८ मध्ये सुरू झाली, फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांचे डेटाबेस सांभाळणारे लोक एकत्र आले, कारण एकाच कामाच्या जनुकाला तिघंही वेगवेगळे शब्द वापरायचे. त्यांनी नियम केला की खालच्या संज्ञेवरून वर मूळापर्यंत कुठल्याही वाटेनं गेलं तरी प्रत्येक पायरी खरी राहिली पाहिजे. मग कायटिन या टणक पदार्थावर अडलं. माशीत कायटिन बनतं ते तिच्या बाहेरच्या कवचासाठी, म्हणून कायटिनची प्रक्रिया कवच बनवण्याच्या खाली टाकली तर माशीसाठी सगळं बरोबर. पण यीस्टमध्येही कायटिन असतं, पेशीभित्तीत. त्या वाटेनं वर गेलं की यीस्टही कवच बनवतं असा अर्थ निघणार, आणि यीस्टला कवच कुठलं! मग त्यांनी कायटिनची सर्वसाधारण संज्ञा वेगळी ठेवली, कवचाच्या कायटिनची वेगळी आणि पेशीभित्तीच्या कायटिनची वेगळी. तू प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी बनवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड कर, स्टॅनफर्डचं आहे, फुकट आहे, आणि त्यात दहा संज्ञांची छोटी मांडणी कर, मग त्यातला रीझनर, म्हणजे निष्कर्ष काढणारा भाग, चालव. तुझी चूक तो निष्कर्षातून दाखवतो, पुस्तक वाचून ते इतकं नाही कळत.

प्रश्न : ताई, आम्ही उत्तर नागपुरात राहतो. मुलीची सिकलसेलची तपासणी केली, रिपोर्टमध्ये ए एस पॅटर्न आला, डॉक्टर म्हणाले वाहक आहे, काळजी नको. पण मागं ती दुसरीकडं तापासाठी भरती होती तिथल्या डिस्चार्ज कार्डवर ‘सिकलसेल डिसीज’ छापून आलंय. आता तिच्या लग्नाचं बघतोय, कार्ड कोणाला दाखवायची भीती वाटते. हे चुकलं कसं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी मुलीचं सांगते, ए एस म्हणजे एका पालकाकडून सिकलचं जनुक आलंय आणि दुसऱ्याकडून नेहमीचं. ती वाहक आहे, सिकलसेलग्रस्त नाही. एस एस म्हणजे दोन्हीकडून आलं, तो आजार. हे दोन वेगळे शब्द आपल्याकडच्या आशाताईसुद्धा काटेकोर वापरतात, वाहक आणि ग्रस्त, आणि ते अगदी बरोबर करतात.

चूक दोन ठिकाणी होऊ शकते. एक, सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलची प्राथमिक रक्ततपासणी. ती स्वस्त आणि पटकन होणारी आहे पण ए एस आणि एस एस दोघांतही पॉझिटिव्ह येते, फरक कळायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. कोणी नुसतं ‘पॉझिटिव्ह’ वाचून आजार लिहिला असेल. दोन, कोडिंग. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत डी५७ या मथळ्याखाली सिकलसेलचे सगळे विकार आहेत, डी५७.० म्हणजे क्रायसिससह (आजार एकदम उसळून येण्यासह) आजार, डी५७.१ म्हणजे क्रायसिस नसलेला, आणि डी५७.३ म्हणजे वाहक. आता सॉफ्टवेअरनं टिंबाच्या पुढचा आकडा घेतलाच नाही, किंवा भरणाऱ्यानं पहिला पर्याय निवडून पुढं ढकललं, तर वाहक आणि ग्रस्त दोघंही डी५७, आणि छापताना मथळा छापला जातो. एका आकड्यानं तुमच्या मुलीला आजारी ठरवलं.

इथं मला थोडं खोलात जायचंय, कारण हा नुसता टायपिंगचा प्रश्न नाही. आयसीडीचं मूळ १८९३ मधल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे, फ्रान्सच्या जाक बर्तियाँनं केलेली. ती मोजणीसाठी होती, म्हणजे प्रत्येक केस कुठल्या तरी एकाच खणात पडली पाहिजे, म्हणून तिथं ‘इतर’ आणि ‘अनिर्दिष्ट’ असे खणही लागतात. त्या कामासाठी ती चांगलीच आहे. पण एका मथळ्याखाली असणं म्हणजे त्याचा प्रकार असणं नव्हे. ऑन्टॉलॉजीत विचारतात, ‘प्रत्येक वाहक हा सिकलसेलचा रुग्ण असतो का?’ नाही. मग वाहक ही संज्ञा आजाराच्या खाली जाऊच शकत नाही, तिला स्वतंत्र जागा, आणि दोघांचंही नातं एचबीबी या एकाच जनुकाशी जोडायचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस एवढाच बदल, आणि १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी याला रेणूचा आजार म्हटलं होतं. सिकलसेलची स्वतःची ऑन्टॉलॉजीही आहे, आफ्रिकेतल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन केलेली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट, म्हणजे केवढ्या नोंदी होणार बघा, आणि त्यात वाहकच जास्त निघणार. प्रत्येक नोंदीत हा फरक टिकलाच पाहिजे.

आता काय करायचं. एचपीएलसीचा रिपोर्ट घेऊन त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या, निदान ‘सिकलसेल वाहक, डी५७.३’ असं दुरुस्त करून शिक्क्यासह नवीन कार्ड द्यावं म्हणून, आणि पोच घ्या. लग्नाचं म्हणाल तर मुलाचीही तपासणी करून घ्या, लपवायचं काही कारण नाही. मुलगा ए ए, म्हणजे दोन्ही जनुकं नेहमीची असलेला, असेल तर बाळाला एस एस होणार नाही, फार तर वाहक होईल. तोही ए एस असेल तर दरवेळी गरोदरपणात २५ टक्के शक्यता एस एस बाळाची असते, तेव्हा लग्नाआधीच समुपदेशकाशी बोला.

प्रश्न : मी मराठी शिकवतो. या सगळ्या संज्ञांचे शुद्ध मराठी प्रतिशब्द ठरवून एक यादी करता येणार नाही का? आकडी, फिट, फेफरं, मिरगी, झटके यांतला एकच शब्द प्रमाण ठरवावा.

उत्तर : सर, तुमची तळमळ समजते, मलाही हे काम मराठीत व्हावं असं फार वाटतं. पण आधी शब्द ठरवला तर घोळ होईल. तुम्ही दिलेले पाचही शब्द लोक एकाच गोष्टीला वापरत नाहीत. आकडी, फिट, झटके हे बहुतेक वेळा एका प्रसंगाला म्हणतात, आत्ता अंग ताठ झालं, डोळे फिरले, तो प्रसंग. मिरगी, फेफरं हे बऱ्याचदा आजाराला म्हणतात, ज्याला पुस्तकात अपस्मार म्हणतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला तापात झटका आला तर तो झटका खराच, पण त्याला अपस्मार नाही म्हणत. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येनुसार ढोबळमानानं, तात्काळ कारणाशिवाय आलेले दोन झटके, मध्ये २४ तासांहून जास्त अंतर, किंवा एकच पण पुन्हा येण्याची दाट शक्यता असलेला, तेव्हा अपस्मार. आता त्या लेकराच्या कागदावर कोणी ‘मिरगी’ लिहिलं तर शाळेत ते आयुष्यभर मागं लागतं.

म्हणून आधी व्याख्या मराठीत करू, मग तिच्याखाली शब्द बसवू. समानार्थी शब्दांचेही प्रकार असतात, तंतोतंत, जास्त व्यापक, जास्त मर्यादित, आणि नुसता संबंधित. ‘फिट’ झटक्याशी तंतोतंत लावता येईल, ‘मिरगी’ संबंधित म्हणून ठेवू. ज्वर आणि ताप यांतही असंच आहे. आधुनिक वैद्यकात ताप हे लक्षण, आयुर्वेदात ज्वर हा स्वतंत्र व्याधी, त्याची स्वतःची कारणं आणि प्रकार सांगितलेत, त्याला नुसतं शरीराचं तापमान वाढणं म्हटलं तर आयुर्वेदावर अन्याय होतो आणि दोन्ही नोंदी बिघडतात. लोकांच्या तोंडचे शब्द मात्र गोळा करा, अगदी वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, सगळे. तुमचे विद्यार्थी हे काम मस्त करतील, आजीला विचारायचं, ‘हे झालं की तुम्ही काय म्हणता’, आणि शब्दाबरोबर ती नेमकं कशाला म्हणते तेही तिच्याच वाक्यात लिहून घ्यायचं.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या जुन्या यादीत ‘मतिमंद’ असा शब्द आहे, पालकांना तो लागतो. संज्ञा काढून टाकून नवीन घालू का?

उत्तर : शब्द बदला, नंबर तोच ठेवा. ह्यूमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजीत एचपी:०००१२४९ चं आधीचं इंग्रजी नाव असंच मनाला लागणारं होतं, ते बदलून बौद्धिक अक्षमता या अर्थाचं केलं, नंबर हलला नाही, त्यामुळं त्या नंबरावर आधी जोडलेल्या नोंदी आणि आजार जागच्या जागी राहिले. अर्थच चुकीचा असेल, समजा दोन वेगळ्या गोष्टी एका संज्ञेत कोंबल्या असतील, तेव्हा मात्र ती संज्ञा ‘कालबाह्य’ म्हणून खूण करायची, तिच्याऐवजी कुठली वापरायची ते आणि तारीख लिहायची, आणि तो नंबर पुन्हा कशालाच द्यायचा नाही, कारण जुन्या फाइली तोच नंबर विचारत येतात. तुमच्या बाबतीत अर्थ बदलत नाहीये. जुना शब्द आतमध्ये शोधण्यापुरता राहू द्या, पण पालकांच्या हातात जाणाऱ्या छापील कार्डावर आणि स्क्रीनवर फक्त नवंच नाव दिसेल अशी सोय सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या, आणि पहिलं कार्ड छापून आलं की स्वतः वाचून बघा.